नवरा ऐकायचं यंत्र

"आधी हातात दे, मग बोल!" असं म्हणत ती समोरच्याच्या हातातली वस्तू काढूनच घ्यायची. मग तो काटा मारणारा तराजूवाला असो, नाहीतर माझ्यासारखा रेडिओ उघडून बसलेला शहाणा.

ऐंशीच्या दशकात बोरिवलीला मार्केटच्या तोंडाशी माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. समोरच ती मासळी विकायला बसायची. रोज गोराईहून होडीने खाडी ओलांडून यायची. तुमच्यापैकी कुणी त्या काळात तिथे पापलेटाच्या भावावरून घासाघीस केली असेल, तर तिच्या शिव्या नक्की खाल्ल्या असतील. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला मास्तर.

एके दिवशी टोपली बाजूला ठेवून ती सरळ दुकानात शिरली. "मास्तर, होडीवरचं बोलणं ऐकायचं यंत्र मिळतं काय रे?"

तिचा नवरा एका नाखव्याच्या, म्हणजे होडीमालकाच्या, होडीवर तांडेल होता, म्हणजे होडी हाकणारा. नाखव्याने होडीवर वायरलेस बसवला होता आणि दुसरा सेट आपल्या पेढीवर. आदल्या वर्षी वारा सुटला तेव्हा ही होडी दुसऱ्या बंदरात आसऱ्याला गेली. निरोप पेढीवर पहिल्याच संध्याकाळी आला. पण बायकांना सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही! ही आपली दोन दिवस किनाऱ्यावर उभी.

"दोन दिवस मी मनातून कुंकू पुसून बसलेली, मास्तर. अन् ते तिथं च्या पीत होते. आता मना माझ्या कानानं ऐकायचं हाय."

मी हातातला रेडिओ बाजूला ठेवला.

आमच्या ओळखीचा एक जहाजावरचा माणूस होता. त्याने परदेशातून हातात धरायचा स्कॅनर आणला होता. बटणं दाबून लहरींचे आकडे भरायचे, की तो त्या लहरी आळीपाळीने चाचपत राहतो आणि कुणी बोललं की तिथे थांबतो. मावशीने भिशी उचलली आणि मला घेऊन त्याच्याकडे गेली. माशाचे कल्ले उघडून बघावेत तसं तिने बॅटरीचं झाकण उघडलं, आत वास घेतला आणि म्हणाली, "ताजा हाय."

"मावशी, याला परवाना लागतो बरं का," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"माझा नवरा ऐकाया परवाना? लग्नात काय झक मारली?"



मी आकडे भरून दिले. आकडे साठवायला यंत्रात घरं होती; होड्यांच्या हाकेची लहर पहिल्या घरात, पेढीची दुसऱ्या घरात. उंचावर जाऊन ऐक म्हणून सांगितलं, तर ती गावामागच्या टेकडीवर जायला लागली. आठवडाभर स्वारी खुशीत. आठव्या दिवशी यंत्र माझ्या टेबलावर आदळलं.

"मेलं तुझं यंत्र!"

यंत्र ठणठणीत होतं, पण भरलेले आकडे सगळे पुसले गेले होते. खोदून विचारलं तेव्हा कळलं की बाईने सेल काढून पत्र्यावर, बोंबलांच्या शेजारी उन्हात वाळत घातले होते. ट्रान्झिस्टरचे सेल मंद झाले की तेव्हा आपण सगळेच ते उन्हात ठेवायचो, नाही का? माझ्या आईनेही ठेवले असते. पण या यंत्राचे सेल बराच वेळ बाहेर राहिले की त्याचं डोकं रिकामं व्हायचं. आणि हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

चूक माझी होती, म्हणून मीच जास्त ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "हातात दे. आता मी भरते."

शाळा दुसरीपर्यंत, पण आकडे पक्के. घराचा नंबर, मग भरायचं बटण, मग एक, पाच, सहा, टिंब, आठ, मग शेवटचं बटण. चुकली की स्वतःलाच शिवी घालायची आणि पुन्हा पहिल्यापासून. दहा-बारा वेळा मी आकडे पुसले, तेवढ्या वेळा तिने भरले. शेवटी माझ्याकडे बघत, यंत्राकडे न बघता भरले. हसली नाही. "खरखर बंद करू नको," मी सांगितलं, "खरखर पार बंद केलीस तर लांबचा बारीक आवाजही जातो."

पुढचं मला गोराईच्या लोकांनी सांगितलं. दिवाळीनंतर एकदा असाच वारा सुटला, खाडीतल्या होड्या बंद झाल्या. नवऱ्याची होडी सकाळी यायची ती दुपार झाली तरी नाही. मावशी टेकडीवर, आणि ऐन वेळी सेल संपले. कुणीतरी धावत नवे आणून दिले, पण तोवर सगळे आकडे साफ! माझ्याकडे यायची सोय नाही. तिने वाऱ्याकडे पाठ केली, यंत्र पदरात धरलं आणि आकडे भरले. खरखर मोठी केली. त्या खरखरीतून नवऱ्याचा आवाज आला. इंजिन बंद पडलंय, होडी उत्तनच्या बाजूला वाहत चाललीय, पेढीवर कुणी ऐकतंय का?

पेढीवर कुणी ऐकत नव्हतं. मुनीम जेवायला गेला होता.

ती टेकडीवरून जी सुटली, ती किनाऱ्यावर येऊन थांबली. दोन मोठ्या होड्यांच्या तांडेलांना तिने अक्षरशः हाताला धरून उठवलं. "आधी दोर घ्या, मग विचारा!" दिवेलागणीच्या आत त्या दोन होड्या तिसरीला ओढून घेऊन आल्या. सातही माणसं धड. नाखवा पागोटं काढून तिच्यापुढे उभा राहिला म्हणतात. मी होतो कुठे बघायला? पण ऐकून माझी छाती अशी फुगली की दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ते सांगितलं.

त्यानंतर तिचं दुकानात येणं बंदच झालं. गावातल्या बायकांनी मिळून आणखी एक यंत्र आणवलं, त्यात आकडेही हिनेच भरून दिले. मास्तरची गरज कुणाला! मला जरा राग आला, खोटं कशाला बोलू. एका रविवारी संध्याकाळी मीच खाडी ओलांडून गेलो.

ती टेकडीवर चार बायकांच्या मध्ये बसली होती. मला बघून तिने नुसतं बोट ओठांवर ठेवलं. यंत्र खरखरलं आणि तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "येतंव. अर्ध्या तासात. भात टाक."

"टाकलाय रे, कवाच टाकलाय," ती यंत्राला म्हणाली.

मी आपला हाडाचा मास्तर. राहवलं नाही. "मावशी, हे नुसतं ऐकतं. तुझं बोलणं त्याला जात नाही."

"ठाव हाय मना," ती म्हणाली, आणि यंत्र आणखी तोंडाजवळ नेऊन म्हणाली, "सांभाळून ये."