साहेबांचा महिना भरलेला होता

"आधी जेवा. मग बोला."

मावशी ताट समोर सरकवायच्या आणि पदराला हात पुसत उभ्या राहायच्या. पहिला घास पोटात जाईपर्यंत त्यांच्यापुढं कुठलाही विषय काढायची सोय नव्हती. तुम्ही परगावी नोकरी केली असेल तर अशी एखादी मावशी तुमच्याही वाट्याला आली असेल. पण माझ्या मावशींइतका वैताग तुम्हाला कुणी दिला नसेल, हे मी लिहून देतो.

तेव्हा मी नांदेडहून बदली होऊन लातूरला बँकेत आलो होतो. शिकवण्यांच्या गल्लीत दोन खोल्यांत त्यांची मेस होती. तिथं आता झेरॉक्सचं दुकान आहे आणि मावशी लेकीला घेऊन बिलोलीला भावाकडं असतात. मूळ गाव हदगावकडचं. नवरा गेल्यावर पोरीला घेऊन लातूरला आलेल्या. मेसचा कायदा सोपा, महिना आधी भरायचा आणि महिनाभर जेवायचं. भर दुपारी चारला कुणी आलं तरी तवा पुन्हा चढायचा. "उपाशी राहता व्हय?" एवढंच म्हणायच्या.

लेकीला नर्सिंगला जायचं होतं. दुसरं काही तिच्या तोंडात नसायचं. यादीत नाव लागलं. कागद द्यायच्या शेवटच्या दिवशी पोरगी सकाळपासून कॉलेजच्या रांगेत उभी होती. तिचा नंबर आला आणि खिडकीवरच्या साहेबांनी खिडकी लावून घेतली, जेवायला. पोट भरल्यावर उघडली आणि म्हणाले, "वेळ संपली." झालं, प्रवेश नाकारला.

आता पुढचं ऐका. साहेब जेवले तो डबा मावशींच्या मेसचा होता. रोज तिथूनच जायचा. त्या दिवशी तो भरून ठेवूनच पोरगी रांगेत गेली होती.

मी पेटलोच. अपील करायला शनिवारपर्यंत मुदत होती. रांगेतल्या इतर मुली साक्ष द्यायला तयार होत्या. मी अर्ज लिहून आणला, खाली पालकाची सही तेवढी हवी होती.

"आधी जेवा," मावशी म्हणाल्या.

"नंतर जेवतो. आधी सही करा."

"काहून एवढं तापून राहिले दादा? साहेबांचा महिना भरलेला हाय. आपल्या हातचं खातेत ते. खाणाऱ्यावर तक्रार करू का?"

"मग डबा बंद करा! उरलेले पैसे देऊन टाका."

"मधीच? मधीच कुणाचं जेवण तोडत न्हाई मी. महिना सरू द्या, मग बघू."

"मुदत शनिवारी संपते, मावशी."

"हाव, ऐकलं म्या."

कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. रोज जेवायला गेलो की तोच विषय काढायचो. समजावलं, ओरडलो, पोरीची शपथ घातली. पोरीचे डोळे रडून सुजलेले असायचे. एकदा हळूच म्हणाली, "मामा, आईच्या सहीबिगर घेत न्हाईत का?" घेत नव्हते, मी विचारून आलो होतो.

शनिवारी दुपारी शेवटचा प्रयत्न म्हणून गेलो. पोरगी साहेबांचा डबा भरत होती आणि मावशी मागून सांगत होत्या, "वरण जरा जास्त घाल. त्यांना लागतं." मी चप्पल घातली आणि न जेवता निघून आलो. इतका राग मला त्या साहेबाचाही आला नव्हता.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मावशी बँकेत हजर. ठेवणीतली साडी, हातात पिशवी, मागं लेक. मेसच्या बाहेर मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

"साहेबांचा डबा आजपासून बंद," काउंटरवर वाकून म्हणाल्या. चेहरा लई दिवसांनी हलका दिसत होता. "आता मी मोकळी झाले. चला दादा, कुठं सही करायची?"

मी पोरीकडं पाहिलं. ती फरशीकडं बघत उभी होती. तिनं आईला सांगितलं असणार, आणि आईला ते पटलं नसणार.

"मावशी, मुदत गेली. आता कुणी अर्ज घेत नाही."

"उशीर झाला म्हणून?"

"हो."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मीच काहीतरी लबाडी करतोय, असं त्यांना वाटलं असावं.

"असं कसं, दादा? उशिरा आलेल्याला म्या कधी न्हाई म्हणलं का?"