पाठ करून घेतलेली उत्तरं

आमच्या बिल्डिंगमध्ये आणि ज्येष्ठ नागरिक संघात मी एक गोष्ट बरीच वर्षं सांगत आलो. स्मृतिभ्रंश झालेल्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या, पालिकेच्या मदतीने चालणाऱ्या केंद्रात माझ्या बायकोला जागा नाकारली, असं मी सांगायचो. संघाच्या सभेत यावर मी भाषणही ठोकलं. सरकारला म्हाताऱ्यांची पडलेली नाही, असं म्हटल्यावर टाळ्या पडल्या होत्या. ती गोष्ट खोटी आहे.

बायकोचा विसराळूपणा आधी आम्ही चेष्टेवारी नेला. मग ती मुलुंडच्या आमच्याच घरात बसून संध्याकाळी "माका घराक जावचा आसा" म्हणू लागली. लग्नानंतर ती माझ्याशी मालवणीत कधी बोलली नव्हती. मुलगी तेव्हा नाहूरला राहायची, एका खाजगी कंपनीत नोकरीला होती. तिने धावपळ करून पालिकेच्या रुग्णालयातल्या मेमरी क्लिनिकची वेळ घेतली. तिथे तपासणी व्हायची, आजार ठरायचा आणि मग त्यांच्या चिठ्ठीवर केंद्रात नाव लागायचं.

"आठवड्यातून तीन दिवस जरी गेली ना बाबा, तरी पुष्कळ झालं," ती म्हणाली. "मला नोकरी सोडावी लागणार नाही. तुम्हालाही जरा पाठ टेकता येईल."

मी जन्मभर दहावीच्या शिकवण्या घेतल्या. परीक्षा म्हटली की मला एकच कळतं, मूल पास झालं पाहिजे. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या भावाची अशी तपासणी झाली होती. काय काय विचारतात ते मी त्यांच्याकडून काढून घेतलं. वार, महिना, आपण कुठे आहोत. शंभरातून सात वजा करत जा. घड्याळ काढून दाखवा. तीन वस्तूंची नावं ऐका आणि थोड्या वेळाने परत सांगा.

मी तिला शिकवायला बसवलं. जेवणाच्या टेबलावर, पोरांना बसवायचो तसं. तीन शब्द लक्षात ठेवायचे असतील तर त्यांची गोष्ट करायची, टेबलावरचा आंबा चावीने कापला अशी. वजाबाकीचे आकडे तर मी तिच्याकडून पाढ्यासारखे म्हणून घेतले. ती चुकली की मी ओरडायचो. जमलं की ती लहान मुलीसारखी हसायची. मुलीला मी यातलं काही सांगितलं नाही. मला वाटत होतं, उत्तरं आली म्हणजे आजार नाहीच. आणि दुसरंही होतं. मास्तरांच्या बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे मला जिन्यात ऐकायचं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी मुलीला सुट्टी मिळाली नाही. आम्ही दोघंच रिक्षाने गेलो. वाटेत मी तिच्याकडून वार घोकून घेतला.

डॉक्टर तरुण मुलगी होती. "काका, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

"नको, ती घाबरते," मी म्हणालो.

बायको एकेक उत्तर देत गेली. महिन्याला अडकली. मी सहज बोलल्यासारखं म्हटलं, "अगं, परवाच नाही का गणपती गेले?"

"सप्टेंबर," ती म्हणाली.

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं आणि घड्याळ काढायला कागद पुढे केला. घड्याळाचे काटे बरोबर आले. शेवटी तिने सांगितलं, "तशा बऱ्या आहेत. सहा महिन्यांनी परत आणा." केंद्राची समाजसेविका शेजारच्या खोलीत बसायची. ती म्हणाली, "काका, आमच्याकडे जागा थोड्या. ज्यांचं घरी अगदीच निभत नाही त्यांना आधी घ्यावं लागतं. घरी काही वेगळं दिसतंय का? मोकळेपणाने सांगा." मी नाही म्हटलं.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "पास झाले का हो?"

"फर्स्ट क्लास," मी म्हणालो. आम्ही कॉफी प्यायलो.

मुलीला मी सांगितलं, जागा नाही म्हणाले. तिने रागाने त्या समाजसेविकेला फोन लावला. पलीकडून ती बाई सांगत असावी की तपासणी चांगली आली. कारण माझी मुलगी ओरडत होती, "चांगली? गॅसवर दूध जळून जातं ते आईला कळत नाही, आणि टेस्ट चांगली? तुम्ही तिथे बसून करता काय?" मी पेपर उघडून बसलो होतो. त्या बाईची काही चूक नव्हती. तिने विचारलं होतं.

सहा महिन्यांनी मी बायकोला नेलं नाही. तोवर ती माझ्या शिकवणीनेही पास झाली नसती. पुढे ती पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळली. मुलीने नोकरी सोडली आणि इथे येऊन राहिली. मग मी एकटाच केंद्रात गेलो. समाजसेविका तीच होती, नीट बोलली. चालणारी, लघवीला लागली हे सांगू शकणारी माणसंच त्यांना घेता येतात. अंथरुणातल्या माणसांसाठी त्यांच्याकडे काही नव्हतं. घरच्यांसाठी महिन्यातून एकदा बैठक असते, तिला या म्हणाली. मी एकदा गेलो. आतल्या खोलीत बायकोच्या वयाच्या बायका वाल सोलत होत्या. एक जण सगळ्यांना दम देत होती. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "हिला इथे सोडतो ना, तेवढा वेळ मी झोपतो." मी बैठक संपायच्या आत उठलो.

गेल्या आठवड्यात मुलीला सगळं सांगितलं. ती आईला भरवण्यासाठी मऊ भात कालवत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे मी त्या बाईला उगाच बोलले," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही ऐकत होतात."

तिने भात भरवला, तोंड पुसलं. मग म्हणाली, "आईची कूस बदलायचीय. पाय धरा."

मी पाय धरले. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. औषध दिलं का, चादर आणा, पाय धरा. त्याहून जास्त बोलावं असं मी तिला कोणत्या तोंडाने म्हणू?