राजानं दिलं की देशानं?

जपानमध्ये कोबेला आमच्या शेजारी एक निवृत्त दुकानदार राहायचे. दुकान सांभाळून त्यांनी उभा जन्म वस्तीच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात घालवला होता. त्या वर्षी त्यांना सम्राटांच्या नावानं मिळणारं मानाचं पदक मिळालं, आणि त्यांची बायको आम्हाला चहाला बोलावून गेली. "पुण्याहून आलेल्या आजोबांनाही आणा हं."

आजोबा म्हणजे माझे सासरे, बाबा. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले. राजा म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं.

"पदकं? आमच्याकडे इंग्रजांची हांजी हांजी करणारे रावबहादूर व्हायचे!"

नवरा प्रोजेक्टसाठी टोकियोला. दुभाषी मी एकटी.

"बाबा, तिथे नुसतं अभिनंदन म्हणा ना."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

शेजाऱ्यांनी पदक चौकटीत बसवून भिंतीवर लावलं होतं. ते ताठ बसून सांगत होते, राजवाड्यात नेलं, सम्राट आम्हा सगळ्यांशी दोन शब्द बोलले. बाबांनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "विचार त्यांना, हे राजानं दिलं की देशानं?"

प्रश्न गाळावा, तर बाबा उत्तराची वाट बघत होते. येत होते तेवढे आदराचे शब्द गोळा करून मी विचारलं. बाईंचा हात किटलीवर थांबला.

"दोन्ही एकच नाही का?" शेजारी हळू म्हणाले. "पण तिथे उभा होतो तेव्हा मला पंचाण्णवचा भूकंपच आठवत होता. आम्ही पोचू शकलो नाही, ती घरं."

मी सांगितल्यावर बाबा पुढे सरकले. "आग विझवायला पाणी होतं का?"

"नव्हतं. नळ फुटले होते."

मग शेजाऱ्यांनी विचारलं, आजोबांना त्यांच्या देशानं काही दिलं का?

"ताम्रपट दिलाय. सरकारनं." तो स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्यांना मिळतो, हेही मी सांगितलं.

"म्हणजे देशानंच."

"छे! सरकार वेगळं, देश वेगळा. या सरकारांनी तर..." बाबा उसळले आणि एकदम थबकले. "हे नको सांगूस त्यांना."

तेवढं मी गाळलं. शेजारी चटईवर हात टेकून बाबांसमोर खोल वाकले. बाबा गोंधळले, मग त्यांनी हात जोडले.

आम्ही जिन्यात आलो. बाबा म्हणाले, "तो ताम्रपट कुठे ठेवलाय, तुझ्या सासूबाईंना विचार बरं पुण्याला फोन करून."