लाखोरीला तण म्हणायचं नाही

पडद्यावर कुठलाही फोटो आला, की इंदूबाई मडावी पहिला प्रश्न विचारायच्या, "हा कोणाच्या बांधीतला हाये?" बांधी म्हणजे आमच्याकडचा धानाच्या शेताचा तुकडा, चारही बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेला. फोटोवर नुसता एक लांबलचक क्रमांक असायचा. शेतकऱ्याचं नाव नाही, गावाचंही नाही. बाजूच्या मुली तोंडाला ओढणी लावून हसायच्या. इंदूबाईंना त्याचं काही नव्हतं. "ज्याची बांधी त्याले इचारल्याबिगर तिच्याबद्दल बोलाचं कसं?" एवढं म्हणून त्या चष्मा वर सरकवायच्या आणि फोटो इतका मोठा करायच्या, की त्याचे नुसते रंगीत चौकोन उरायचे.

गोंडपिपरीत बियाण्याच्या एका दुकानावरच्या दोन खोल्यांत फोटोंना नावं देण्याचं हे केंद्र होतं. अकरा मुली आणि पंचावन्नच्या इंदूबाई. बारावी शिकलेल्या, गाव जंगलाला लागून, घरचं धान. मुलं मोठी झाल्यावर हट्टाने संगणक शिकल्या. मी या केंद्राकडून काम करून घेणाऱ्या कंपनीचा माणूस. कंपनीचं नाव सांगत नाही. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये तिचं काही ना काही असेलच. मूळचा मी बल्लारपूरचा, पण त्या कंपनीत पंधरा वर्षं काढलेली, त्यामुळे नाक जरा वरच.

फोटोतल्या प्रत्येक गोष्टीभोवती चौकट काढायची आणि तिला नाव द्यायचं, असं ते काम. हे धान, हे तण, ही कीड. अशा असंख्य फोटोंवरून यंत्र शिकणार, आणि मग शेतकऱ्याने बांधीवर फोन धरला की काय फवारायचं ते सांगणार. घाई मात्र भयंकर होती. एआय आल्यापासून आमची एवढी अवाढव्य कंपनी कधी नव्हे ती घाबरली होती. काल-परवा निघालेल्या, मूठभर माणसांच्या कंपन्या तिच्या पुढे पळत होत्या, आणि त्यातल्या एकीने धानाचं ॲप बाजारात आणलंही होतं. दर सोमवारी बंगळुरूचे साहेब पडद्यावर येऊन एकच शब्द म्हणायचे, वेग. मी तोच शब्द गोंडपिपरीत आणून ओतायचो.

एकदा इंदूबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमची कंपनी येवढी मोठी, मंग भेते काऊन?" मी त्यांना स्पर्धा वगैरे समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हंजे दुसरा पयून राह्यला म्हून तुमी पयून राह्यले. कुठी जाचं हाये, ते त्यालेबी मालूम नाई अन् तुमालेबी मालूम नाई." मला राग आला. तुम्ही फक्त चौकटी काढा, असं म्हणून मी विषय संपवला.

मग पिकलेल्या धानाचे फोटो आले. त्यांच्यासाठी कंपनीचा नियम होता, की पिवळ्या धानात दुसरं काहीही हिरवं दिसलं तर ते तण. मुलींनी तशा चौकटी काढल्या. इंदूबाईंनी मात्र प्रत्येक ठिकाणी 'पीक' असं लिहिलं आणि पुढे 'लाखोरी'. एकेक फोटो तिघींकडे जायचा आणि दोघींचं जुळेल ते खरं धरलं जायचं. त्यामुळे इंदूबाई सगळीकडे खोट्या ठरल्या आणि त्यांचं नाव यादीत लाल झालं. मी फोनवरून त्यांना चांगलंच झापलं. त्या म्हणाल्या, "एकडाव माह्या गावात या, मंग बोला."

गेलो. त्यांनी मला थेट आपल्या बांधीत नेलं. वर धान पिवळं झालेलं आणि बुडाशी ओल्या मातीत इवली इवली हिरवी रोपं. "कापाच्या पंधरा दिवस आधी उभ्या धानात लाखोरी फेकतो आमी," त्या म्हणाल्या. "नांगर नाई, वरचं पानी नाई. धान कापून नेलं का हे वाढते, अन् फागुनात दाळ घरात येते. तुमचा फोन म्हनन का हे तण हाये, औषध मारा. मंग आमी खावाचं काय?"

लहानपणी आईच्या हातचे लाखोरीच्या दाळीचे वडे मी पोट फुटेस्तोवर खाल्ले होते, आणि तो नियम माझ्याच टेबलावरून, माझ्याच मंजुरीने पुढे गेला होता. दाळ खाल्ली, पण ती उगवते कशी हे कधी विचारलं नव्हतं. मला लाज वाटली.

मी त्यांची साहेबांशी पडद्यावर गाठ घालून दिली. साहेब मराठीच, बोलायला गोड. "मॅडम, मुद्दा अगदी बरोबर आहे तुमचा. पुढच्या आवृत्तीत नक्की घेऊ. आत्ता थांबलो तर ते दुसरे लोक मैदान मारतील."

"साहेब, फवारा पुढच्या आवृत्तीची वाट पाह्यत नाई."

"पण असं करणारे शेतकरी असतील तरी किती?"

"तुमच्याच फोटोत दिसून राह्यले ना! मी तं लिवून देल्लं तुमाले."

साहेब हसले आणि पुढच्या बैठकीला निघून गेले.

त्या रविवारी इंदूबाईंनी अकराही मुलींना आपल्या बांधीत नेऊन उभं केलं. सोमवारी बाराही जणींनी पुन्हा सगळे फोटो उघडून 'लाखोरी' लिहिलं. आता तिघींतल्या तिघींचं जुळत होतं, म्हणजे कंपनीच्याच हिशेबाने लाखोरी खरी ठरली. मी घरात एकटाच टेबल बडवून हसलो. बंगळुरूत कोणी हसलं नाही. हे संगनमत आहे, म्हणाले. सगळं जुन्या नियमाने बदल आणि मंजुरी दे, नाहीतर केंद्राचं काम काढून घेऊ आणि तुझंही बघू. दोन दिवस मी त्या मंजुरीच्या बटणाकडे बघत बसलो. तिसऱ्या दिवशी दाबलं. मुलींचं काम जाईल, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण, मी भ्यालो.

इंदूबाईंनी त्याच दिवशी काम सोडलं. मुलींना मात्र बजावलं, "तुमी बसा. तुमाले गरज हाये." माझ्याशी त्या पुढे जवळजवळ वर्षभर बोलल्या नाहीत. दसऱ्याच्या सुमारास आमचं ॲप आलं आणि त्यांचा फोन आला. मी शिव्या खायच्या तयारीने उचलला.

"भाऊ, रयवारी या. मशीनले जे खोटं शिकवलं, ते आता गावोगाव जाऊन खोडाचं हाये. मी एकटीनं सांगून भागत नाई. बाई काईबी बोलते, म्हनतीन. तुमी कंपनीचे, तुमचं आयकतीन."

माझ्या दुचाकीवर मागे बसून त्या रस्ता दाखवायच्या. पहिल्या गावात समाजमंदिरापुढे बरीच माणसं जमली. मी उभा राहिलो. "मी या ॲपच्या कंपनीतला आहे. तुमच्या धानातल्या लाखोरीला हे तण म्हणेल. ते चूक आहे, आणि ती चूक मी केली आहे. औषध मारू नका." पंधरा वर्षांत कंपनीबद्दल इतकं सरळ मी कुठेच बोललो नव्हतो.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "येवढ्या मोठ्या कंपनीले लाखोरी नाई समजत? मंग ते ह्या नव्या कंपन्याइपुढं टिकन का?"

मी तोंड उघडणार तोच इंदूबाई उठल्या. "टिकन का बुडन, ते तिचं ती पाह्यन, काकाजी. तिच्या घाईपायी आपली लाखोरी नाई बुडाली पायजे!"

आता इंदूबाई नाहीत. गेल्या पावसाळ्यात चार दिवसांच्या तापाने गेल्या. हे लिहितोय ते पाहून म्हणाल्या असत्या, लिवून काय होते, जाऊन सांगा. कंपनी अजून आहे, अजून पळते आहे, आणि लाखोरी तिला अजूनही ओळखता येत नाही. ती टिकेल की नाही, असं मला लोक विचारतात. पिकवणाऱ्याला विचारायला जिला वेळ नाही, तिने टिकावं असं मला आता वाटत नाही.

त्या वेळी दोन रविवारांत आमची पाच गावं झाली होती. कुणीतरी माझं बोलणं फोनवर घेतलं, ते फिरत फिरत बंगळुरूला पोचलं, आणि तिसऱ्या रविवारच्या आतच माझी नोकरी गेली. मी इंदूबाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात सूप घेऊन बी पाखडत होत्या. मी सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, त्यांनी हळहळावं अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता रयवाराची वाट पाहाचं काम नाई. चार गावं राह्यली, अन् लोकाइनं औषध आनाले सुरवात केली. चाला, गाडी काढा."