मक्याची भाकरी

आमच्या शेजारचा हा माणूस बोटीवर होता. रिटायर होऊन घरी आला, पण तोंड अजून मेक्सिकोतच आहे. भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं तरी नाक मुरडतो. "छ्या! वेराक्रूझला चला. धक्क्यावर फिरायचं, मग चौकात खुर्ची टाकून मक्याची भाकरी, आत तळलेला मासा, वर लिंबू!" लिंबू म्हणताना तो हवेतच पिळतो.

माझी बायको खुळ्यासारखी ऐकत बसायची. तिने रत्नागिरीतलं हॉटेलसुद्धा धड पाहिलं नव्हतं. "भावजी, एकदा करून घाला की," म्हणायची.

"घालतो वयनी, येत्या रविवारी."

असे किती रविवार गेले. मग तीच गेली.

यंदा तिच्या म्हाळाला हा ताट घेऊन दारात. मक्याची भाकरी, आत सुरमई. पितरांच्या दिवशी आमच्यात मासा उंबऱ्याच्या आत येत नाही, हे त्याला ठाऊक नाही काय? माझं डोकं फिरलं.

"ती जिती होती तेव्हा हात मोडले होते काय रे तुझे?"

 त्याने ताट माझ्या हातात दिलं.

तिची राहिलेली इच्छा, म्हणून वडे-खिरीशेजारी मी ती भाकरी माशासकट तिच्या पानात वाढली. लिंबू त्यालाच पिळायला लावलं. पण तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही.