मरम्मत

माझ्या साडूंना एखादी गोष्ट समजली आणि ती त्यांनी समोरच्याला समजावून सांगितली नाही, असं आजवर घडलेलं नाही. लातूरच्या एका शाळेतून ते विज्ञानाचे मास्तर म्हणून निवृत्त झाले, पण फक्त कागदोपत्री. एकदा लोह्याच्या बसस्टँडवर त्यांनी ड्रायव्हरला हवेवर ब्रेक कसा लागतो हे इतकं मन लावून सांगितलं, की बस सुटायची राहिली आणि शेवटी प्रवासीच शंका विचारू लागले. हाताशी येईल ते त्यांचं साधन. हदगावच्या एका लग्नात शेजारच्या पाहुण्याला अणू दाखवायला त्यांनी त्याच्याच पानातला बुंदीचा लाडू फोडला. पाहुणा पंगत उठेपर्यंत बुंदी वेचत होता. "समजलं का?" असं ते विचारत आणि नुसतं "हाव" म्हणणाऱ्यावर त्यांचा विश्वास नसे. त्याला पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागे.

माझी बायको सुमन ही त्यांची धाकटी मेहुणी. तिला अंडाशयाचा कॅन्सर झाला. नांदेडला उपचार घेतले, पहिल्या खेपेला औषधानं गाठ आक्रसली आणि घरात पेढे आले. काही महिन्यांनी गाठ पुन्हा वाढली. तेच औषध आता लागू पडेना. सुमननं डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोमवारचा उपास सोडला होता. "तेवढं तरी धरायचं होतंस," असं भेटायला आलेलं कोणीतरी म्हणालं आणि ते तिच्या मनात रुतून बसलं. ती जेवेना. मी एवढा वाचणारा माणूस, पण तिच्यासमोर मला एक वाक्य धड बोलता येईना.

साडू लातूरहून आले ते सरळ तिच्या उशाशी बसले. नातवाच्या टोपीसाठी तिनं आणलेली लोकर त्यांनी उचलली आणि दोन पदरांना पीळ दिला.

"पेशीच्या आत असा धागा असतो. औषध जाऊन तो तोडतं. लई तुटला की पेशी मरते." त्यांनी कात्रीनं लोकर कापली.

"दाजी, टोपीपुरती तरी ठेवा," सुमन म्हणाली.

त्यांनी टोकं जुळवून गाठ मारली. "पण काही पेशी हुशार निघतात. मागच्या खेपेला ज्या वाचल्या, त्या ह्याच कामात तरबेज. औषध तोडून राहिलंय, अन् आत मरम्मत चालू हाय."

सुमनचा चेहरा उजळला. "होऊ द्या. चांगली मरम्मत होऊ द्या मेल्यांची."

आमच्याकडे मोडकं नीट करण्यालाही मरम्मत म्हणतात आणि बदडून काढण्यालाही. तिनं दुसरी ऐकली होती. साडूंचं "समजलं का?" ओठांवरच राहिलं. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. राहू द्यावा तिचा गैरसमज, असं मला फार वाटलं.

"सुमन," ते हळूच म्हणाले, "मार खायची मरम्मत न्हाई. दुरुस्ती. त्या स्वतःला दुरुस्त करून राहिल्यात."

तिनं लोकरीच्या गाठीवरून बोट फिरवलं. "म्हणजे माझ्या उपासाचं काही न्हाई?"

"पेशीला सोमवार काय ठाऊक? तिला कान न्हाईत. कोण काय म्हणतंय, ऐकूच येत न्हाई."

"तुमच्यावरच गेल्यात म्हणा."

साडूंना हसताना ठसका लागला. त्या दुपारी तिनं वरणभात मागून घेतला. दुसरं औषधही देऊन पाहिलं. त्यानं काही महिने मिळाले. त्यांत तिनं उपासाचं नाव पुन्हा काढलं नाही.

ती गेली तेव्हा साडू आमच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसले. मुदखेडहून, हदगावहून जो कोणी भेटायला येई, त्याला ते आधी तिथंच बसवून घेत आणि तुटलेला धागा पेशी कशी जोडते ते सांगत. "समजलं का?" हा आवाज मला आत ऐकू येई. उपासाबद्दल माझ्यापाशी कोणीच काही बोललं नाही. माणसं आत येईपर्यंत दमलेली असायची. नुसती माझ्याजवळ बसायची.