गोलकीपरसाठी वळलेल्या विड्या

मी कॅप्टन झाले ती खेळ चांगला होता म्हणून नाही, आवाज मोठा होता म्हणून. सोलापूरच्या आमच्या कॉलेजात मुलींची हॉकी टीम त्या वर्षी पहिल्यांदाच निघाली. खेळाच्या सरांनी वर्गावर्गांतून फिरून कशाबशा अकरा जणी गोळा केल्या. बारावी काही मिळाली नाही. मी मूळची करकंबची, आत्याकडे राहून शिकत होते, आणि तोवर स्टिक हातातसुद्धा धरली नव्हती. पण चारचौघींना दमात घ्यायची सवय जन्माची. पोरी मला फौजदारीण म्हणायच्या. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आमच्यात खरी खेळणारी एकच, आमची गोलकीपर. पूर्व भागातल्या विणकर वस्तीत राहणारी, घरात तेलुगू बोलणारी, किरकोळ अंगाची अबोल मुलगी. मैदान सगळं मुरमाचं. बॉल खड्यावर आपटून कुठं उडेल त्याचा नेम नसायचा. तो अंगावर आला की आम्ही डोळे मिटून बाजूला व्हायचो आणि ही पुढं यायची. सरांनी कुणाकडून तरी क्रिकेटचे जुने पॅड मागून आणले होते, ते बांधून ती चालायला लागली की आम्ही पोट धरून हसायचो. एकदा मी विचारलं, "अगं, भीती नाही का वाटत तुला?" तर म्हणाली, "वाटते की. पण बॉल येतो तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही नसतं. लई बरं वाटतं."

डोक्यात काय असायचं ते मला पुढं कळलं. वडील वारलेले. आई विड्या वळायची, आणि तीही. कारखान्यातून पानं आणि तंबाखू घरी आणायची, दोघींनी मिळून दिवसाला हजार विड्या वळायच्या, जुड्या बांधून दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायच्या. कामाचं कार्ड आईच्या नावावर होतं. घर त्या कार्डावर चालायचं आणि कॉलेजही. आईची अट एकच होती: हजार पुरे कर, मग कुठंही जा. म्हणून ती सरावाला रोज उशिरा यायची, आणि मी रोज तिला सगळ्यांदेखत झापायची. ती नुसती मान खाली घालून पॅड बांधायला बसायची.

पहिली मॅच बरोबरीत सुटली. दुसरी आम्ही एका गोलनं जिंकलो, आणि ती तिच्यामुळंच. सेमीफायनल आठवड्यावर आली आणि ही मला म्हणाली, "मला जमणार नाही. आईच्या अंगठ्याला नखुरडं झालंय. हजारच्या हजार मलाच करायला लागतात."

"हात् तिच्या, एवढंच ना?" मी म्हटलं. "आम्ही येतो की सगळ्या! दहा जणी बसलो तर हजार विड्या म्हणजे काय मोठं?"

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी सगळ्या टीमला घेऊन तिच्या दारात उभी. एक खोली आणि पुढं पत्र्याचा आडोसा, त्यात आम्ही दाटीवाटीनं बसलो. तिची आई अंगठ्याला चिंधी गुंडाळून बसली होती. आम्हाला बघून गडबडली, शेजारून चटई मागून आणली. "कशाला की, कशाला," म्हणत राहिली, पण तोंडभर हसत होती. गोलकीपरनं आम्हाला कामं वाटून दिली. ओली पानं कात्रीनं मापात कापायची, दोरा तोडून द्यायचा, जुड्या बांधायच्या. वळायचं काम मात्र तिचं एकटीचं.

पण दहा जणी कापायला आणि एकच वळायला, त्यानं काम सरेना. मला कुठला धीर! "त्यात काय एवढं," म्हणत मी पानं-तंबाखूचं सूप मांडीवर घेतलं. माझी विडी पोटात ढिली आणि टोकाला चपटी व्हायची, अर्धी तंबाखू बोटांतून सांडायची. तिनं दोनदा शिकवलं, मला जमलं नाही. तिची आई चहा टाकायला आत गेली की मी माझ्या विड्या पटापट जुड्यांच्या पोटात घालायची आणि बाहेरून तिच्या चांगल्या विड्या लावून बांधून टाकायची. ही अक्कल माझीच. तिसऱ्या दिवशी तिनं ते पाहिलं आणि माझा हात धरला. "हे नको गं."

"मधलं कोण उलगडून बघतंय?" मी म्हटलं. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे. एकदा मॅच होऊ दे."

तिनं हात सोडला. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा व्हायच्या आत हजार पुरे झाले आणि आम्ही सगळ्या मैदानावर पळालो.

सेमीफायनल आम्ही जिंकलो. शेवटची दहा मिनिटं समोरच्या पोरी नुसत्या आमच्या गोलपाशीच होत्या, आणि ही कधी पायानं, कधी स्टिकनं, एकदा तर छातीवर बॉल अडवत होती. शिट्टी झाली तशी आम्ही तिला उचलून घेतलं. ती तेव्हा मोठ्यानं हसली. तसं हसताना मी तिला एकदाच बघितलं.

त्यानंतर दोन दिवस ती आलीच नाही. फायनल तोंडावर, आणि ही कुठं बसली? मी तणतणत तिच्या वस्तीत गेले. ती शेजारच्या घरी मागावरच्या सुताच्या कांड्या भरत होती. मी दारातूनच तोंड सोडलं, "टीमचं काही सोयरसुतक आहे का नाही तुला?" तिनं मला बोळाच्या कडेला नेलं आणि सांगितलं. कारखान्यातल्या तपासणाऱ्या माणसानं जुड्या मधून उलगडल्या होत्या. विड्या ढिल्या, तंबाखू कमी. राहिलेली तंबाखू घरात चोरून ठेवतेस म्हणून तो सगळ्या बायकांदेखत तिच्या आईला नाही नाही ते बोलला, आणि कार्ड काढून घेतलं.

"आईला काय सांगितलंस?"

"मीच केल्या म्हटलं. मॅचच्या घाईत."

"तू कशाला अंगावर घेतलंस? माझं नाव सांगायचं!"

"तुझं नाव सांगून कार्ड परत मिळणार होतं का?"

मी तिला शब्द दिला, उद्या कारखान्यात जाते आणि त्या माणसाला खरं काय ते सांगते. गेलेही. फाटकाबाहेर बायका टोपल्या घेऊन ओळीत बसल्या होत्या. मी बराच वेळ समोरच्या बाजूला उभी राहिले. हे आत्याच्या कानावर गेलं तर ती करकंबला कळवणार, आणि वडील दुसऱ्या दिवशी येऊन मला घेऊन जाणार, माझं कॉलेज संपणार. एवढाच विचार डोक्यात होता. तिचं कॉलेज संपत आलंय हे मला कळत होतं, तरी मी स्वतःचंच धरून बसले. चारचौघींना दमात घेणारी फौजदारीण फाटकातून आतसुद्धा गेली नाही. तशीच माघारी आले.

फायनलला आमच्यातल्याच एकीला पॅड बांधून उभं केलं. सात गोल खाल्ले आम्ही. पोरी रडल्या, मीही रडले, आणि सगळ्यांना वाटलं की मी हरल्यामुळं रडतेय.

परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा तिचा फॉर्म आला नाही. मग मात्र मला राहवेना. एका दुपारी मी तिच्या घरी गेले. ती कांड्यांच्या कामावर गेली होती, आई एकटी होती. दुसऱ्या कुणाच्या तरी कार्डावर तिला थोडं काम मिळत होतं, तेच करत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "मावशी, त्या विड्या तिनं नव्हत्या केल्या. माझ्या होत्या."

तिनं वर बघितलं. "म्हाईत हाय की. लेकीचा हात मला कळत न्हाय व्हय? पयल्याच दिवशी कळलं."

"मग तुम्ही काढून का नाही टाकल्या?"

हातातल्या विडीला तिनं दोरा गुंडाळला. मग म्हणाली, "आमच्यात अशा कॉलेजच्या पोरी कदी येऊन बसल्या न्हवत्या. एवड्या जणी, माज्या लेकीसाटी. तुमी हौसेनं केलेलं मी मोडू कसं? म्हटलं, चार दिवस जाईल चालून."

"आणि ती म्हणाली, मी केल्या, तेव्हा?"

"म्हणू दे म्हटलं. तिला एकच मैत्रीण हाय."

मी तिथंच खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. मी म्हटलं, तिला कॉलेजात पाठवा, मी सरांना सांगते, काहीतरी करते, मी रोज येते. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. आवाज चढवला नाही की रागावली नाही. म्हणाली, "तू आता येऊ नको, पोरी. मागं तू येऊन गेलीस तवा ती दोन दिवस जेवली न्हाय."

बरं, म्हणाले मी. वाद न घालता आयुष्यात मी कुणाचं ऐकलं असेल तर तेवढंच. बोळातून बाहेर पडताना रडू थांबत नव्हतं, आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही वाटत होतं, की आता इथं पुन्हा यायला नको. पुन्हा मी गेले नाही.